बंडीवाला नसलेली कादंबरी

पुस्तक हातात घेतलं की भाऊ आधी डोळे मिटायचे. मग उजव्या हाताचा अंगठा बरोबर मध्यात खुपसून पुस्तक उघडायचे, पाच-सहा ओळी ओठ हलवत वाचायचे आणि पुस्तक मिटून माझ्या टेबलावर ठेवायचे. "बाई, माल चांगला हाये," नाहीतर, "बाई, ओला माल हाये. ठेवा तुमच्याजवळच." झाला निकाल. त्यावर अपील नाही.

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये ते परखी मारायचे. ज्यांनी धानाचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. ती पोत्यात खुपसली की मूठभर धान तळहातावर येतं आणि त्या मुठीवरून अख्ख्या पोत्याची पारख होते. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की वाचनालयातल्या पुस्तकांनाही त्यांनी तोच कायदा लावला. "मंधातलं पायलं का समदं समजते," असं ते म्हणायचे.

मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल होते. गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या थोडी अलीकडची-पलीकडची. मी एकदा त्यांना छेडलं, "भाऊ, पुस्तक म्हणजे काय पोतं आहे?"

"पोत्यात तरी लोकं वर चांगला माल अन् खाली कोंडा भरतेत," ते म्हणाले. "पुस्तकवाल्याईले तेवढी बी अक्कल नसते. वर बी कोंडाच."

मिलच्या जेवणाच्या सुट्टीत रोज यायचे. खांद्यावर, भुवयांवर कोंड्याची बारीक भुकटी. खिडकीजवळच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायचे, दोन-तीन पुस्तकांना परखी मारायचे आणि रिकाम्या हातांनी परत जायचे. वर्गणी नियमित भरणारा आणि एकही पुस्तक घरी न नेणारा असा सभासद मी दुसरा पाहिला नाही.

आमच्याकडे एक अभिप्राय वही होती. वाचनालयाचे सचिव निवृत्त हेडमास्तर. पुस्तक परत करताना प्रत्येकाने निदान दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत असा त्यांचा नियम. लोक कुरकुरत लिहायचे, पण दुसऱ्यांनी काय लिहिलं ते मात्र आवडीने वाचायचे. काही जण तर नुसती वही वाचूनच घरी जात.

अशात ती कादंबरी आली. आठशे पानांची रहस्यकथा. देवळांतल्या मूर्ती आणि एका संस्थानिकाच्या महालातली जुनी चित्रं चोरून परदेशात विकणारी टोळी आणि तिच्या मागावर निघालेला एक गुप्तहेर. तुमसरला दुसरा विषय उरला नाही. वहीत अभिप्रायांची रांग लागली. हेडमास्तरांनी लिहिलं, "भाषा शुद्ध, मात्र कथानकास वारंवार फाटे फुटतात." पोस्टमास्तरांच्या पत्नीने लिहिलं, "इतकं सगळं करून त्या मेल्याला फक्त तुरुंगच? मला समाधान झालं नाही." औषधाच्या दुकानाच्या मालकांनी कहर केला. "गुन्हेगार मी ऐंशीव्या पानावरच ओळखला," असं लिहून पुढे चक्क त्याचं नावही लिहून मोकळे झाले. पुस्तकासाठी रांगेत असलेले सातजण माझ्याशी भांडायला आले, जणू चोरी मीच केली होती. त्या नावावर मी जाड कागदाची पट्टी चिकटवली. तरी लोक ते पान उजेडात धरून नाव वाचायचे.

एका दुपारी कादंबरी नुकतीच परत येऊन टेबलावर पडली होती. भाऊंनी सवयीने उचलली, डोळे मिटले, अंगठा खुपसला. वाचू लागले. पाच-सहा ओळींवर थांबले नाहीत. पान उलटलं. मिलचा भोंगा झाला तरी उभेच.

"काय भाऊ, माल कसा आहे?" मी विचारलं.

"बाई, हे मले घरी पायजे," ते म्हणाले.

मी चकित होऊन त्यांच्या नावावर पहिलं पुस्तक चढवलं. मुदत आठ दिवसांची. भाऊंनी चार महिने ठेवलं. रांगेतले लोक माझा जीव खायचे, हेडमास्तर डोळे वटारायचे. मी मिलच्या फाटकावर जाऊन दोनदा मागितलं. दोन्ही वेळा तेच उत्तर, "होऊन राहिलं बाई. थोडं थांबा." तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते आणि पुस्तक मांडीवर उघडं होतं. मी पान पाहिलं. पहिल्या दिवशी अंगठा पडला होता तेच पान. महालातला निर्दोष माळी चोर म्हणून पकडला जातो, तो प्रसंग.

अखेर पुस्तक आलं. पानापानातून कोंडा गळत होता. वही पुढे केली तर म्हणाले, "माह्यं अक्षर गड्यावानी. तुमी लिवा." आणि सांगितलं ते एकच वाक्य. "या पुस्तकात बंडीवाला नाही."

मी लिहिलं. बंडी म्हणजे आमच्याकडे बैलगाडी; पण वाक्याचा अर्थ मलाही कळला नाही. औषधवाल्यांनी दोन दिवसांत त्याखाली टोमणा हाणला, "बंडी कशाला? तीनशे दहाव्या पानावर ट्रक आहे, नीट वाचावे!" सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

भाऊंनी तो टोमणा वाचला आणि वही मिटली. वाचनालयात त्या वेळी आम्ही दोघंच होतो.

"ट्रक सडकेवर उभा राहते, बाई," ते म्हणाले. "गावातून सडकेवर देव कोण आणते? लिवणाऱ्यानं चोर लिवला, घेणारा लिवला, पोलीस लिवला. उचलून आणणारा लिवलाच नाही. मले माहीत हाये तो. मीच होतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचं गाव सानगडीच्या पलीकडे. गावाच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली एका ओट्यावर काळ्या दगडाची मूर्ती होती. नवं धान निघालं की प्रत्येक घराने पहिली मूठ तिच्यापुढे ठेवायची आणि मगच नव्याचा भात शिजवायचा, अशी तिथली रीत. भाऊ तेव्हा विशीतले, घरची बैलबंडी हाकणारे. कुठलासा एक साहेब डाक बंगल्यात उतरला होता. त्याने यांना बोलावलं, व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं, कपबशीत चहा दिला. म्हणाला, मूर्तीच्या हाताला तडा गेला आहे, नागपूरला नेऊन दुरुस्त करतो, नवं धान निघायच्या आत परत आणून देतो.

"तोवर मले कोणी खुर्चीवर बसवलं नव्हतं, बाई. चार गोड शब्द पायले अन् समदा माणूस चांगला समजलो. पोत्याची पारख मंग शिकलो, पण पयली परखी तिथंच चुकली."

धानाच्या रोवणीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे भर दुपारी गावात माणूस नसतो, सगळे चिखलात. यांनी बंडीत तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, जाड गादी केली, मूर्ती निजवली, वर ताडपत्री टाकली आणि सडकेवर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत नेऊन दिली.

"एक ओरखडा येऊ देल्ला नाही. तान्ह्या लेकराले नेल्यावानी नेली," ते म्हणाले.

साहेब परत आला नाही. संध्याकाळी ओटा रिकामा दिसला आणि गावात आरडाओरडा झाला. पाळीवर जात्यांना टाकी लावत फिरणारं एक कुटुंब उतरलं होतं. संशय त्यांच्यावर गेला. गावाने त्यांना मारलं, त्यांची भांडीकुंडी तलावात फेकली आणि हाकलून लावलं.

"मी तिथंच उभा होतो. तोंडातून शब्द नाही निघाला. समदं पुस्तक वाचलं, पण त्या माळ्याचं पान मले चार महिने सोडता नाही आलं, ते काहून, आता समजलं तुमाले?"

त्याच साली ते गाव सोडून तुमसरला आले. गावातले लोक नव्या धानाची मूठ अजूनही त्या रिकाम्या ओट्यावर ठेवतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मिलमध्ये रोज शेकडो मुठी तळहातावर घेणाऱ्या या माणसाची त्यानंतर त्या ओट्यावर मात्र एकही मूठ पडली नव्हती.

मी पाण्याचा पेला पुढे केला. तो न पिता ते म्हणाले, "मले गावात जाऊन सांगाचं हाये. पण नुसतं बोलाले गेलो तं मंधातच थांबीन. तुमी लिवून द्या. वाचतानी माणसाले थांबता येत नाही."

मग मी वाचनालयाच्या कोऱ्या कागदावर त्यांच्या शब्दांत सगळं लिहिलं, मोठ्या अक्षरात. त्या कुटुंबाला मारलं हेही. ते सांगताना दोनदा थांबले, पण गाळू दिलं नाही. कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि त्या वर्षी नवं धान निघाल्यावर गेले.

आठवडाभर खिडकीजवळचा बाक रिकामा होता. मला पुस्तकं नोंदवताना चुका होऊ लागल्या. गावाने यांनाही मारलं असेल का, हा एकच विचार. नवव्या दिवशी ते आले. खांद्यावर कोंडा नव्हता.

"वाचलं?"

"समदं वाचलं. शेवटपर्यंत."

"मग?"

"एक म्हातारा उठला. म्हणे, त्या लोकाईले मारणाऱ्यात मी होतो, आता मी कोणापुढं वाचू? अन् मले म्हणे, देव तू नेला, आता ओटा तूच सारव."

मिलची नोकरी त्यांनी सोडली होती. सभासदपत्र परत करायला आले होते. जाताना मी ती कादंबरी पुढे केली, म्हटलं ठेवा तुमच्याकडे, हेडमास्तरांना मी सांगते. त्यांनी हात लावला नाही. "बाकीच्या लोकाईले वाचू द्या," म्हणाले.

पुढे काही वर्षं नवं धान निघालं की सानगडीकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हातून तांदळाची लहानशी पुरचुंडी माझ्या टेबलावर यायची. चिठ्ठी नसायची. एका वर्षी पुरचुंडी आली नाही. मी महिनाभर वाट पाहिली आणि मग एस. टी.त बसले.

मोहाचं झाड सापडायला वेळ लागला नाही. खाली ओटा होता, ताज्या शेणाने सारवलेला, त्यावर नव्या धानाच्या कितीतरी मुठी. शेजारी एक बाई हात धूत होती. मी अनोळखीपणाने विचारलं, "इथे कुठला देव आहे?"

"देव नाही जी. देव गेला."

"कोणी नेला?"

तिने पदराला हात पुसले. "आमच्याच माणसानं नेला अन् आमच्याच माणसानं येऊन सांगतलं. दरसाल बाराही महिने ओटा सारवे बिचारा. पावसाळ्यात गेला. आता घरोघरच्या पाळ्या लावल्या हायेत. आज माही पाळी होती."

मी सोबत तुमसरहून धान आणलं होतं. त्यांच्याच मिलमधून मागून घेतलेलं, मूठभर. ओटा ओला होता, म्हणून जरा थांबले आणि वाळल्यावर ते त्यांच्या नावाने ठेवलं.