एका बहिणीच्या कंबरेसाठी

जानेवारीतला दुसरा रविवार, आमच्या चर्चची दुपारची उपासना. हजर: पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी, ऊर्जानगरातली तीन कुटुंबं मिळून अकरा जण, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक आयाबाई, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, आणि मी. गैरहजर: माझी आई. ती दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे.

हजेरी मीच मांडते. प्रार्थनेच्या विनंत्याही माझ्याकडेच. उपासनेआधी लोक आपापली अडचण सांगतात, मी ती चिठ्ठीवर उतरवते, पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. कोणाला नाव सांगायचं नसेल तर ‘एका बहिणीसाठी’ किंवा ‘एका भावासाठी’ असं लिहायची आमची रीत आहे. इतक्या वर्षांत माझी स्वतःची चिठ्ठी त्यात कधी नव्हती.

आईनं मला तसंच वाढवलं. ती कोरपन्याकडे शाळेत शिक्षिका होती. वडील लवकर गेले. कोणाकडे वाटीभर साखरही मागायची नाही, हा घरचा नियम. मला त्याचा अभिमान होता, अजूनही थोडा आहे. देवावर विश्वास होताच, पण माझी प्रार्थना म्हणजे बहुतेक अहवाल असायचा: हे केलं, ते केलं, उद्या अमुक करणार आहे, आशीर्वाद असू दे.

त्या आठवड्यात आईला उचलून खुर्चीवर बसवताना माझ्या कंबरेत उसण भरली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलायचं नाही असं बजावलं. घरात आम्ही दोघीच. चार दिवस आईला आंघोळ नाही, नीट कूस बदलणं नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं. शनिवारी तिच्या पाठीवर लाल चट्टा दिसला. असा चट्टा चिघळला की महिनोन्महिने बरा होत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून रविवारी मी एक चिठ्ठी जास्त लिहिली: ‘एका बहिणीच्या कंबरेसाठी.’

पाळकसाहेबांनी ती गंभीरपणे वाचली. मागच्या रांगेतून मावशींचा आवाज आला, “साहेब, त्या बहिणीनं साडीवरून पट्टा बांधला हाय का?”

हसू दाबताना कोणाला तरी ठसका लागला. सगळ्याच चिठ्ठ्या माझ्या अक्षरात असतात, तेव्हा ही ओळखू येणार नाही एवढाच हिशोब मी केला होता. पट्टा सगळ्यांना दिसतोय, हे डोक्यातच आलं नाही.

आमेन झाल्याबरोबर मावशी माझ्यापुढे उभ्या. “चाल बाई, घरी. मायची आंघोळ कोण करून राह्यलं?”

“करते ना मी मावशी, हळूहळू.”

“काऊन? आत्ताच देवाले सांगितलं ना, माह्याच्यानं होत नाई म्हणून? का खोटं सांगितलं?”

मी हजेरीची वही पिशवीत टाकली.

मावशी आणि पाळकसाहेबांच्या पत्नी दोघी घरी आल्या. मी टॉवेल, गरम पाणी, धुतलेला गाऊन, असा क्रम सांगायला लागले. मावशींनी स्टुलाकडे बोट दाखवलं. “बस तिथी. जलमभर हेच केलं मी.”

मला धास्ती आईची होती. परक्या बाईचा हात ती लावून घेणार नाही, अशी माझी खात्री होती. मी आधीच म्हणाले, “आई, तुला नको वाटत असेल तर राहू दे.”

आईनं माझ्याकडे मान वळवली. “तुझ्याकडून करून घेणं मला सोपं गेलं, असं वाटलं का तुला? पहिले कितीतरी दिवस मी डोळे मिटून रडत होते. तू पाणी ओतायचीस, तुला कळायचं नाही. रोज सकाळी देवाला एवढंच मागते, आज हिच्या हातात मला निमूट राहता येऊ दे. तेवढं तो देतो.” मग मावशींना म्हणाली, “या बाई. पाणी मात्र कडक पाहिजे.”

दोन वर्षं या घरात कष्ट मी एकटीच करते आहे, असं मी समजत होते.

न्हाणीतून आवाज येत होते. “लय हलकी हाय वं तू.”

“तुम्ही जाड्या आहात म्हणून वाटते तसं.”

दोघी खो खो हसल्या. आईचं असं हसणं मी किती दिवसांनी ऐकलं, ते मला आठवेना. स्टुलावर बसून मी डोळे पुसले आणि त्या दिवशी देवाला कुठलाही अहवाल दिला नाही.

संध्याकाळी मी आठवड्याचा तक्ता केला. सोमवार, गुरुवार, शनिवार मावशी. मंगळवार, शुक्रवार पाळकसाहेबांच्या पत्नी. रविवारी उपासनेनंतर दोघी. बुधवारी त्यांच्यापैकी कोणालाच जमत नाही. समोरच्या क्वार्टरमधल्या वहिनी आमच्या मंडळीतल्या नाहीत, पण राहायला आल्यापासून म्हणतात, “काही लागलं तर सांगा.” मी दर वेळी म्हणते, “नाही हो, सगळं आहे.”

आज मंगळवार. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. बुधवारचा रकाना अजून कोराच आहे.