पुढारी चाकं

दिघीच्या धक्क्याजवळ झापांच्या शेडमध्ये तो मिस्त्री काम करायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या पावसाळ्यात तो एका डिझेल टॅक्सीखाली आडवा पडलेला असे. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपचा पुढचा एक्सल आणि चारी चाकांना जोर वाटून देणारी पेटी तो तिला बसवत होता.

"कशाला हा खटाटोप?" मी विचारलं.

त्याने पाना हवेत नाचवला. "मागची चाकं ढकलून मरतात, दादा. पुढची नुसती दिशा दाखवतात, पुढाऱ्यांसारखी! त्यांना पन कामाला लावतोय."

हा विनोद तो धक्क्यावर सगळ्यांना ऐकवायचा. मी तेव्हा पुढाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहायचो. मी तो लगेच उचलला.

श्रावणात एका अडलेल्या बाईला म्हसळ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मिस्त्री स्वतः तीच टॅक्सी घेऊन निघाला, मीही सोबत बसलो. वाटेतल्या चढावर लाल चिखलात प्रत्येक मोटार रुतायची आणि माणसं उतरून ती ढकलायची. सवयीने मी दार उघडलं.

"बसा गप! आज कोन उतरायचं न्हाय," तो गुरगुरला.

मागची चाकं जागीच गरगरली. मग पुढच्यांनी चिखल धरला आणि गाडी इंचाइंचाने वर सरकली.

"चढली गं बाय!" सुनेचा हात धरून बसलेली म्हातारी ओरडली. "राबले एकदाचे पुढारी!"

कळा सोसतानाही सून हसली. दुपारी दवाखान्यात तिला मुलगी झाली.

पुढाऱ्यांवर माझा आजही विश्वास नाही. पण त्यांना कामाला लावता येतं, यावर मात्र आहे.