पाटापलीकडची शेवंती

लग्न होऊन मनीषा या घरात आली तेव्हा सासूने तिला चूल दाखवायच्या आधी शेवंतीचं वावर दाखवलं. मखमलाबादच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, विहिरीच्या अंगाचा तो तुकडा. "चार भाकरी कुणीबी थापील," यशोदाबाई म्हणाल्या होत्या, "हे जमलं तर तू या घरची."

मनीषाला ते जमलं. रोप जोमात आलं की शेंडा कधी खुडायचा, पाऊस जास्त झाला की साचलेलं पाणी कुठून काढून द्यायचं, कळी कितपत उघडी असताना तोडायची, हे सगळं ती सासूच्या मागे मागे फिरून शिकली. पुढे पुढे गणेशवाडीच्या फुलबाजारात तिची पाटी खाली टेकायच्या आत गिऱ्हाईक वाकायचं. पण तिला खरा अभिमान होता तो माळेचा. घटस्थापनेला गावदेवीच्या घटावर चढणारी पहिली माळ पिवळ्या शेवंतीची, आणि ती याच घरातून जायची, अशी गावाची रीत. जिने फुलं पिकवली तिनेच ती ओवायची आणि तिनेच चढवायची. यशोदाबाईंचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी सुईदोरा मनीषाच्या हातात दिला. त्यानंतर दर घटस्थापनेला सकाळी देवळाच्या पायऱ्या चढताना मनीषाची पाठ आपोआप ताठ व्हायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि कळवणकडून रूपाली आली.

रूपालीचं बोलणं अहिराणीकडे झुकणारं. फोनवर आईशी बोलताना ती 'आहे'ला 'शे' म्हणायची, 'काय शे', 'बरं शे'. पहिल्या महिन्यात सगळे तिला हसले. दुसऱ्या महिन्यात यशोदाबाईच पदराआड हसू दाबत म्हणाल्या, "ऊन लय शे आज." मनीषा तेव्हा ताटं घासत होती. तिच्या हातातलं ताट जरा जास्तच वाजलं. ती इतकी वर्षं या घरात होती, पण तिचा एकही शब्द सासूच्या तोंडी बसला नव्हता.

यंदा यशोदाबाईंनी वावर वाटून दिलं. मधून पाण्याचा पाट जातो, त्याच्या अलीकडचं मनीषाला, पलीकडचं रूपालीला. "जिच्या बाजूची फुलं भरदार, तिची माळ," त्या सहज बोलून गेल्या. रूपालीने मान डोलावली. मनीषा मात्र ते वाक्य उशाला घेऊन झोपू लागली.

भाद्रपदात कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या आणि एका सकाळी मनीषाला दिसलं, रूपाली सरीत बसून झाडांची पानं ओरबाडते आहे. बांधावर पानांचा हा एवढा ढीग. शेजारची चिमणाबाई गवताचा भारा टेकवून गंमत बघत उभी होती.

"काय गं, हजामत चालवलीस का झाडांची?" मनीषाने अलीकडूनच विचारलं.

"खालची काढते, ताई. चिखल उडून करपा येतो त्यांच्यावर. आभाळ असं दाटलेलं, हवा खेळायला नको का?"

"फुलोऱ्यात पान काढायचं? अगं, पान म्हणजे झाडाचं तोंड. बाळंतिणीचं तोंड बांधून कुणी बाळ पोसतं का?"

चिमणाबाई खदखदून हसली. "मनीषाला बोलण्यात कोण हरवील बाई!"

रूपालीही हसली, पण तिचे हात थांबले नाहीत. मनीषाला ते चालते हात आणि तो ढीग तेवढा दिसला. तिने बाळंतिणीची गोष्ट मग आणखी चार बायकांना सांगितली. चिमणाबाईने ती उरलेल्या गावात पोचवली.

दहा-बारा दिवसांत पाटापलीकडच्या कळ्या फुगल्या. मनीषा आपल्या बाजूला खुरपत असायची, पण नजर पाटावरून उडी मारून जायची. तिच्या झाडांची खालची पानं काळी पडून देठाला लोंबू लागली होती आणि कळ्या अजून हिरव्या, घट्ट. एका संध्याकाळी यशोदाबाई काठी टेकत वावरात आल्या. गुडघ्यांनी चालवत नाही म्हणून यंदा त्या मनीषाच्या बाजूला एकदाही आल्या नव्हत्या. आज मात्र त्या पाटावरची फळी ओलांडून थेट पलीकडे गेल्या. एक कळी त्यांनी दोन बोटांत धरली, तान्ह्याची हनुवटी धरावी तशी. मनीषाने ते पाहिलं. मान खाली घालून ती खुरपत राहिली. तण संपलं तरी खुरपत राहिली.

पितृपक्षात एका दुपारी रूपाली सासूला घेऊन नाशिकरोडला नणंदेकडे गेली. मनीषाचा नवरा महेश आणि धाकटे दीर मोटर दुरुस्त करायला गावात गेले होते. वावरात कुणी नव्हतं. मनीषा आपल्या सरीत बसली आणि तिने पानं ओढायला सुरुवात केली. आधी काळी, मग पिवळी, मग हिरवीही. एकेक पान तुटताना बारीक आवाज यायचा आणि त्या आवाजाने तिला आणखी घाई व्हायची. तिच्या कळ्यांच्या टोकाला आता कुठे रंग दिसू लागला होता. रूपालीने काढली त्यापेक्षा जास्त काढली तर मधले दिवस भरून निघतील, असं काहीसं तिच्या डोक्यात होतं. ऊन कलेपर्यंत सगळी झाडं कळीच्या मानेपर्यंत उघडी झाली.

मग प्रश्न आला पानांचा. पाटात सोडावीत तर ती वाहत रूपालीच्या सऱ्यांत शिरणार. बांधावर टाकावीत तर चिमणाबाईच्या नजरेतून काडीही सुटत नाही. शेवटी पदरात भरभरून तिने ती गोठ्यात नेली आणि शेळीपुढे टाकली. शेळीने आधी हुंगलं, मग मुकाट्याने खाल्लं. झाडं उघडी का, असं कुणी विचारलंच तर करपा आला म्हणायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहा शे का काढा?"

महेशनेही तोंड वाकडं केलं. चहाला शेवंतीचा कडवट, उग्र वास येत होता.

"शेळीला काय घातलं कुणी?" यशोदाबाईंनी विचारलं.

मनीषा चुलीशी वाकली. मागून रूपालीचा आवाज आला, "मी घातली, आई. माझ्याकडची पानं होती."

रूपालीची पानं केव्हाच बांधाखालच्या खड्ड्यात कुजत पडली होती, आणि तो खड्डा मनीषाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे रूपाली काल संध्याकाळी परतल्यावर वावरात जाऊन आली होती. तिने सगळं पाहिलं होतं, आणि पाहून झाकलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मनीषाला वाटलं. आता चांगुलपणातही हीच पुढे.

आभाळ अचानक निवळलं आणि ऊन तापलं. मनीषाच्या उघड्या कळ्या त्यात होरपळल्या. उमलल्या त्याही आखडून, पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती पहिल्यांदा फळी ओलांडून पाटापलीकडे गेली आणि रूपालीच्या झाडापाशी उकिडवी बसली. खालून देठ स्वच्छ, मोकळा. पण वर, कळीच्या गळ्याशी, रुंद हिरवी पानं तशीच राखलेली. त्यांच्या सावलीत फूल निवांत भरलं होतं. रूपालीचे हात चालताना तिने बांधावरून पाहिले होते. ते कुठे थांबतात, ते पाहायला ती कधी आलीच नव्हती.

सकाळी यशोदाबाईंनी दोन्ही पाट्या पाहिल्या आणि रूपालीची उचलली.

"ताई, ओवून तुम्हीच द्या," रूपाली म्हणाली. "माझी माळ सुटते."

मनीषाने ओवली. गच्च, एकसारखी, देठ आत दडवून. दुसरीच्या फुलांची माळ ओवताना सुई बोटात शिरली तरी तिने हात झटकला नाही.

देवळात बायकांची गर्दी होती. माळ मनीषाच्या हातात पाहून चिमणाबाई ओरडलीच, "बघा! औंदाबी मनीषाचीच! म्हणलं नव्हतं, फुलोऱ्यात पानाला हात लावायचा नाय?"

यशोदाबाई पदर सारखा करत राहिल्या. रूपाली खाली बघत होती. ती बोलणार नव्हती, हे मनीषाला ठाऊक होतं. नुसतं हसून पुढे व्हायचं, माळ चढवायची, की झालं. मग जन्मभर रूपालीने एक शब्दही काढला नसता, आणि जन्मभर मनीषाला तिच्या न बोलण्याखाली राहावं लागलं असतं. तिला तेच सोसेना.

"फुलं माझी नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "रूपालीची आहेत. पानं काढलेली. माझी मी जाळली."

"जाळली? ती कशी?"

"मीबी पानं काढली. तिचं बघून. पार मानेपर्यंत."

एका बाईला हसू फुटलं. चिमणाबाईचं तोंड उघडंच राहिलं, आणि एवढ्या दिवसांत मनीषाला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं.

"जा, चढव," तिने माळ रूपालीच्या हातात कोंबली.

रूपालीने ती घाईघाईने चढवली. माळ घटावर एका बाजूला कलली. मनीषाला ते लगेच दिसलं. पुढे होऊन ती सरळ करणं तिला सहज जमलं असतं. तिने केली नाही.

परतताना दोघी सासूच्या मागे चालत होत्या. बराच रस्ता गेल्यावर मनीषाने विचारलं, "कळीखाली किती ठेवायची?"

"चार-पाच तरी, ताई. आणि रंग दिसायच्या आत काढायची. एकदम नाही, दोन-तीन वेळा करून."

"हं," मनीषा म्हणाली. मनातल्या मनात तिने सहा ठरवली.

घरी आल्यावर तिने शेळीचं दूध आधी हुंगून पाहिलं आणि मग आधण ठेवलं. यशोदाबाईंनी भिंतीला टेकून घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आज चहा चांगला शे."

चहा मनीषाचा होता, शब्द रूपालीचा. ती तशीच, हातात गाळणी धरून उभी राहिली.