वहिनीने पाऊस लिहिला त्या दिवशी

आमची वहिनी शहराला थंडीचा अंदाज सांगायची आणि माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, तो अंदाज निस्तरायचा. ती हवामान कचेरीत होती आणि तो नगरपालिकेचा मिठाचा ट्रक चालवायचा. दुपारी तिनं ‘रस्त्यांवर बर्फ धरेल’ असं लिहिलं, की संध्याकाळी आगारातून दादाला फोन यायचा. सगळं शहर दारं-खिडक्या लावून घेत असताना हा माणूस रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला ट्रक भरून मीठ घेऊन बाहेर पडायचा. त्यांचं लग्न झालं तेव्हा लोकांना याची फार गंमत वाटली होती. “बायकोनं हाक मारायची आणि नवऱ्यानं धावायचं, सगळ्यांच्याच घरी हे चालतं,” असं आगारातला मुकादम म्हणाला होता. तेव्हा मीही हसले होते. पहिला हिवाळा सरला आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

मी त्यांच्याच घरात राहायचे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं आणि समोरच्या खिडकीतून इस्पितळाकडे जाणारा चढ दिसायचा. नणंद म्हटली की ती भावजयीच्या चुका काढायलाच जन्माला आलेली, असं सगळे धरून चालतात. माझी जीभ काही साखरेत घोळलेली नाही, हे मला मान्य आहे. पण वहिनीच्या कामात चुका काढायला शहरात माणसं काय कमी होती! बर्फ सांगितला आणि ऊन पडलं, की भाजीवाल्यापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळे तिला टोमणे मारायचे. बर्फ सांगितला आणि खरंच पडला, की तिनंच तो पाडला असं म्हणायचे. तिचं नावच ‘थंडीवाल्या बाई’ पडलं होतं. आणि मजा अशी, की बाईंना स्वतःला थंडी मुळीच सोसायची नाही. दोन स्वेटर, वर शाल आणि नाक कायम लाल. “उद्या कपडे धुऊ का हो?” असं शेजारणीनं विचारलं की ती म्हणायची, “धुवा की. धुवायला माझी हरकत नाही, वाळण्याचं मी बोलत नाही.”

घरात मात्र तिच्या तोंडून हवेबद्दल अक्षर निघत नसे. अंदाज साऱ्या शहराला एकाच वेळी कळला पाहिजे, तिच्या नवऱ्याला घटकाभरसुद्धा आधी नाही, असं तिनं लग्नानंतर लगेच ठरवून टाकलं होतं. दादानंही कधी विचारलं नाही. आगारातून फोन आला की त्याला कळायचं, बाकीच्या चालकांना कळतं तसंच. पण मी काही आंधळी नव्हते. ज्या दिवशी तिनं बर्फ लिहिलेला असे, त्या दिवशी घरी आल्या आल्या, शालसुद्धा न काढता, ती दादाचे जाड लोकरीचे मोजे हीटरवर ठेवायची. हीटरवर मोजे दिसले की मी लवकर स्वयंपाकाला लागायचे. आम्ही तिघंही त्या मोज्यांकडे बघायचो आणि तिघंही भलत्याच गोष्टी बोलायचो.

मिठाचा ट्रक चालवणं म्हणजे काय, हे लोकांना माहीत नसतं. मीठ पडतं ट्रकच्या मागून. सपाट रस्त्यावर त्याचं काही नाही. पण चढावर आधीच बर्फ धरला असेल, तर मीठ न पडलेल्या रस्त्यावर ट्रक पुढे घालायचा कसा? मग ही माणसं ट्रक उलटा लावतात आणि मागे मागे चढ चढतात, म्हणजे आधी मीठ पडतं आणि मग त्यावर चाकं येतात. ट्रक मागे चालला की त्याचा भोंगा पीं पीं करत राहतो. इस्पितळाच्या चढावरून तो आवाज थेट माझ्या मशीनपर्यंत यायचा. म्हणून वहिनीचा अंदाज वेळेवर जाणं फार महत्त्वाचं. बर्फ धरण्याआधी मीठ पडलं, तर दादा सरळ जाऊन सरळ परत येई. उशीर झाला तर त्याला उलटं चढावं लागे.

त्या वर्षी हिवाळा सुरू होता होताच दादाचा ट्रक त्या चढावर घसरला. मागची चाकं कठडा फोडून बाहेर गेली आणि ट्रक अर्धा हवेत राहिला. खाली इस्पितळाचं आवार होतं. दादा दारातून उडी मारून वाचला. घरी येऊन तो हसत हसत सांगू लागला, “इस्पितळाच्या इतक्या जवळ गेलो होतो, म्हटलं रक्तदाब तपासून घ्यावा.” मी त्याला चांगली फैलावर घेतली. वहिनी त्याच्या बुटांची नाडी सोडत बसली होती आणि ती काही केल्या तिला सुटत नव्हती.

त्यानंतर ती बदलली. रस्त्यात कुठेही पीं पीं ऐकू आलं की दचकायची. जेवताना मध्येच थांबून कान द्यायची. मीही मशीन थांबवून ऐकायचे, पण मला निदान त्याला बाहेर पाठवावं लागत नव्हतं. तिला ते स्वतःच्या हातानं लिहावं लागायचं, आणि मग घरी येऊन मोजे गरम करावे लागायचे. त्या दिवसांत मला तिची फार कीव येई आणि ती मला कधी दाखवता आली नाही.

मग तो दिवस आला. आठवडाभर कडाक्याची थंडी पडून जमीन दगडासारखी गार झाली होती, आणि वरून उबदार ढग येत होते. पाऊस पडणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. प्रश्न एवढाच होता, की पाऊस येण्याआधी रस्ते थोडे गरम होतील की नाही. झाले, तर नुसताच चिखल. नाही झाले, तर वरून पडणारं पाणी जमिनीला लागताक्षणी गोठणार आणि शहरभर काच पसरणार. हे मला वहिनीनं नंतर समजावून सांगितलं. त्या दुपारी आकडे अगदी काठावर होते. पारडं कुठेही झुकलं असतं.

तिनं पाऊस लिहिला.

संध्याकाळी ती घरी आली आणि शाल काढून खुर्चीवर बसली. हीटर मोकळाच राहिला. मला हायसं वाटलं. दादा आगारातून परत आला तो बूट न काढताच टेबलाशी बसला. “अरे, साऱ्या घरभर चिखल करशील!” मी ओरडले. “सूप गार होईल गं,” असं म्हणून त्यानं चमचा उचलला. बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. वहिनीनं सूपला हात लावला नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मी समजले, पुन्हा सर्दी.

मागच्या अंगणात दोरीवर टॉवेल राहिला होता, तो आणायला मी गेले. ओढला तर तो दोरीला चिकटलेला. जोर लावून काढला, तर कडक, आडवा धरला तरी वाकेना. “बघा तरी, पापड झालाय नुसता,” असं म्हणत मी तो आत आणला.

वहिनीनं तो माझ्या हातातून घेतला. त्यावर बोट फिरवलं. टॉवेलवर काचेचा पातळ थर होता आणि तिच्या बोटाखाली तो करकरला.

ती उठून फोनपाशी गेली. कचेरीत तेव्हा दुसरे साहेब होते. “साहेब, अंदाज बदला. बर्फ धरतोय. आत्ता.” पलीकडून ते काहीतरी समजूत घालत होते, पुढची नोंद येऊ दे म्हणत असावेत. “नोंद माझ्या हातात आहे,” वहिनी किंचाळली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

तिनं फोन ठेवला तेव्हा दादा अंगात कोट घालत होता. आगाराच्या फोनची त्यानं वाटही पाहिली नाही.

“अहो, चढावर जाऊ नका,” ती म्हणाली. “बाकीचे रस्ते करा. चढ राहू दे.”

“चढावर इस्पितळ आहे,” दादा म्हणाला आणि गेला.

आम्ही दोघी खिडकीशी बसलो. दिव्याखालचा रस्ता नुसता चकचकत होता. बराच वेळ गेला आणि मग चढाच्या पायथ्याशी पीं पीं सुरू झालं. ट्रक उलटा चढत होता. वहिनीनं माझा हात धरला. “मी घाबरून पाऊस लिहिला,” ती म्हणाली. “आकडे काठावर होते आणि मला फक्त तो कठडा दिसत होता. दुपारीच बर्फ लिहिला असता तर हे सरळ चढून गेले असते.” मला तिचा इतका संताप आला की हात झटकावासा वाटला. माझा सख्खा भाऊ तिथं काचेवर होता. पण तिनं दुसरा हातही माझ्या हातावर ठेवला आणि मला तो सोडवेना.

चढाच्या मध्यावर पीं पीं बंद पडलं.

आम्ही थांबलो. आता सुरू होईल, आता होईल. काही नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनीनं उठून दादाच्या कपाटातून लोकरीचे मोजे काढले, एक जोड माझ्याकडे टाकला आणि एक स्वतःच्या बुटांवरून चढवला. तसे चढवले की बर्फावर जरा पकड मिळते. भिंती धरत, रांगत, एकमेकींना ओढत आम्ही चढ चढू लागलो. जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. मी कठड्याकडे बघत नव्हते. वहिनी फक्त कठड्याकडेच बघत होती.

नव्यानं बांधलेला कठडा शाबूत होता. ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि दादा फावड्यानं त्याच्या मागे मीठ फेकत होता. मागे, मीठ न पडलेल्या भागात, एक परिचारिका पडली होती. काम संपवून घरी निघाली होती. तिचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. आरशात ती दिसली म्हणून दादानं ट्रक थांबवला होता, नाहीतर तिच्यावरूनच गेला असता.

वहिनी तिच्यापाशी बसली, स्वतःचा स्वेटर काढून तिनं तिच्या डोक्याखाली ठेवला. परिचारिकेनं डोळे उघडून बघितलं आणि तिला ओळखलं.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही तर पाऊस सांगितला होता ना?”

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. वहिनीनं होय म्हणून मान हलवली. दादानं फावडं थांबवलं, क्षणभर वहिनीकडे बघितलं आणि पुन्हा मीठ फेकायला लागला.

तो घरी आला तेव्हा उजाडलं होतं. वहिनी दारातच उभी होती. “मी घाबरले होते,” तिनं सांगून टाकलं.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “हीटर मोकळा होता, पण तुझं तोंड मोजे ठेवायच्या दिवशी असतं तसं होतं. म्हणून तर मी बूट काढले नव्हते.”

“मग बोलला का नाहीत?”

“हवेचं घरात बोलायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं?”

ती तिथंच दारात बसली आणि हमसून हमसून रडली. मी चहा ठेवला. परिचारिकेचा पाय पुढे जुळला, पण ती कायमची लंगडत राहिली. तो चढ चढताना ती माझ्या खिडकीतून दिसायची, आणि घरी असली तर वहिनी मुद्दाम उठून तिला बघायची.

पंधरवड्यानं पुन्हा तसेच ढग आले. आकडे पुन्हा काठावर होते म्हणे. मी मशीनवर बसले होते आणि माझी टीप सारखी वाकडी जात होती. वहिनी घरी आली. शाल तशीच अंगावर ठेवून तिनं कपाट उघडलं. मोजे काढताना एक मोजा तिच्या हातून खाली पडला. दादानं तो उचलून तिच्या हातात दिला आणि जेवायला बसला. मोजे अजून गरमही झाले नव्हते, तेवढ्यात फोन वाजला.