टपोरी मस्कट

द्राक्षातलं मला सगळं कळतं, असा एक गैरसमज शिरूरच्या आमच्या पट्ट्यात होता. तो मीच पसरवला होता. खाण्याच्या द्राक्षाची बाग केली, दोन-तीनदा माल बरा पिकला, आणि मी लोकांच्या बांधावर उभा राहून न विचारता सल्ले द्यायला लागलो. सासुरवाडीत तर माझा फारच बोलबाला. धाकट्या जावयानं, म्हणजे माझ्या साडूनं, दौंडकडच्या रानातला ऊस मोडून द्राक्ष लावायचं काढलं तेव्हा सासरे त्याला म्हणाले, "शिरूरच्या पाव्हण्यांना इचारल्याबिगर एक खड्डा खांदू नका." साडू मान डोलवायचा. साडूला अहोजाहो करायची रीत आहे. मी त्याला अरे-तुरे करायचो. त्यालाही तो मान डोलवायचा.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. वाइनच्या द्राक्षाची हवा आली होती. एका कंपनीचा माणूस आमच्या ओट्यावर बसून मस्कटची वंशावळ सांगत होता. मस्कट ही एक जात नव्हे, मोठं कुटुंब आहे, म्हणाला. बारीक मण्यांची पांढरी, टपोऱ्या मण्यांची पांढरी, काळी, गुलाबी. रंग वेगळे, आकार वेगळे, वास मात्र सगळ्यांचा एक. बाकीच्या द्राक्षांच्या वाइनला लिंबाचा, मिऱ्याचा, कशाकशाचा वास येतो, द्राक्षाचा तेवढा येत नाही. मस्कटच्या वाइनला द्राक्षाचाच येतो. कुणी तिची हलकी, गोडसर, बुडबुड्यांची वाइन करतं, कुणी गोडी न ठेवता कोरडी, कुणी मणी वेलीवरच सुकवून काकवीसारखी दाट.

"म्हंजी आमची भावकीच की," मी म्हणालो. "तोंडं निराळी, खोड एक."

तो हसला आणि मुद्द्यावर आला. बारीक पांढरी मस्कट या भागात जमते का ते त्याला बघायचं होतं. दोन रानांत थोडी थोडी लावायची; पहिल्या तोडीला ज्याचा माल पसंत पडेल, त्याच्याच रानात पुढं कंपनीची गाडी येणार. दुसरं रान म्हणून मी साडूचं नाव सुचवलं. तो माझ्यापुढं टिकणार नाही याची मला खात्री होती. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

एकाच जुडीतल्या काड्या आम्ही निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या आणि कलमं केली. पहिलं पीक धरायच्या आधी कंपनीनं पुण्यात बैठक ठेवली.

"मला द्राक्ष शिकवणार व्हय ते?" मी साडूला म्हणालो. "तू जा. चहा पी आन् ये. काय निराळं निघालं तर सांग."

तो गेला. परतताना वाकडी वाट करून माझ्याकडं जेवायला थांबला.

"काय म्हणतेत?" मी विचारलं.

"काय न्हाई, दादा. आपलंच ते सगळं. तुम्हाला काय सांगायचं त्यात?" असं म्हणून त्यानं आणखी अर्धी भाकरी घेतली.

खाण्याच्या द्राक्षाचा एक रिवाज आहे. मणी ज्वारीएवढा झाला की जीए नावाच्या औषधाच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा. मणी फुगतो, आणि बाजारात फुगलेलाच विकला जातो. माझा हात या कामाला इतका बसलेला, की मस्कटचा तो बारका मणी बघून मला लाजच वाटली. पाहुणे आले तर दाखवायचं काय? मजूर बाया मिळेनात, निम्म्या रांजणगावच्या कंपन्यांत जायला लागलेल्या. मी साडूला बोलावलं. दिवसभर तो हातात मग धरून माझ्याबरोबर घड बुडवत होता. अगदी अलगद, लेकराचं डोकं धुवावं तसा.

"दोनदा बुडवायचं का, दादा?" त्यानं मधेच विचारलं.

"दोनदा. शिकून घे."

मणी असे फुगले की लोक बघायला यायचे. वर मी तोडीपर्यंत पाणी सोडत राहिलो, रस भरावा म्हणून.

कंपनीचा माणूस आला आणि घडापुढं मयताला आल्यासारखा उभा राहिला. मणी चिरडून त्यानं थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर घेतला, यंत्र डोळ्याला लावलं. साखर हवी त्यापेक्षा फारच कमी.

"वाइनला मणी बारीकच लागतो," तो म्हणाला. "वास असतो सालीत. तुम्ही साल तेवढीच ठेवून आत पाणी भरलंत."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"जीए नको, शेवटी पाणी तोडा, असं छापून दिलं होतं की! साडूंकडं दोन कागद दिले. एक तुमचा. पोचवला म्हणाले."

दुसऱ्या दिवशी बायकोला मागं बसवून मी न्हावरे-चौफुला रस्त्यानं साडूकडं गेलो. कंपनीची गाडी त्याच्या रानात उभी होती. तो घड तोडत होता.

"माझा कागद?" मी म्हणालो.

त्यानं कात्री ठेवली, घरात गेला, कागद आणून माझ्या हातात दिला. जपून ठेवला होता.

"हे वाचून आलास माझ्याकडं. आन् वर इचारतोस, दोनदा बुडवायचं का?"

"तुम्ही एकदा जरी म्हणाला असता, तुला काय वाटतं, तर सांगणार व्हतो. देवाशप्पथ." त्याचा आवाज चढला नाही. "इतकी वर्सं कवा इचारलंत का, दादा?"

"आन् बैठकीहून येऊन माझ्या घरी जेवलास, ते?"

त्यानं कात्री उचलली आणि तो परत घडाकडं वळला. तेवढ्यात मेव्हणी चहा घेऊन आली. "दाजी, तुमच्या हाताखाली शिकले म्हणून ह्यांना जमलं बघा!" तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी चहा प्यालो. जाताना क्रेटमधला एक मणी गुपचूप तोंडात टाकला. लहान, पिवळट, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. निम्मी जुडी माझीही होती.

माझा माल पुण्याच्या बाजारात गेला. व्यापाऱ्यानं एक मणी चावला, बिया थुंकल्या आणि पुढच्या गाळ्याकडं बोट दाखवलं.

गावात मी सांगितलं, कंपनीनं फसवलं. लोकांना लगेच पटलं. साडूचं नाव मी कुठंच काढलं नाही, आणि बायकोकडून कागदाचं कळल्यावर सासऱ्यांना तो माझा मोठेपणा वाटला. मोठेपणा कसला! साडूनं फसवलं म्हणायचं, तर मला न कळणारं काही त्याला कळत होतं, हे आधी कबूल करावं लागलं असतं.

साडू अजून दसऱ्याला जेवायला येतो. जेवता जेवता विचारतो, "यंदा छाटणी कवा धरताय, दादा?" खरी तारीख सांगावी की नाही, यावर दर वर्षी मला एक घासभर विचार करावा लागतो.