खंडेनवमीला उघडलेला कॉम्प्युटर

आधी क्षमा मागतो. लिहिणं हे आमच्या घरात कुणाचंच काम नव्हतं. वडिलांची पिठाची गिरणी आहे, आई तिथेच बसून दळणं घेते, आणि कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा माझ्यासारख्यानं चार लोकांनी वाचावं म्हणून काही लिहावं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. त्या आगाऊपणाची क्षमा. पुढे जे सांगणार आहे त्याची मात्र मागणार नाही. ती तेव्हाही मागितली नव्हती, आणि सगळं त्यावरूनच झालं.

इंजिनीअरिंगसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा यशवंतपूरच्या मराठी मंडळानं मला हॉलच्या वरची खोली दिली. एका गरजू विद्यार्थ्याला ती फुकट मिळते. बदल्यात हॉल झाडायचा, खुर्च्या मांडायच्या, कार्यक्रमाला माइक लावायचा. दिवाळीनंतर खोली कुणाकडे राहील, हे कार्यकारिणी दसरा झाल्यावर ठरवते. माझं शिक्षण अजून बाकी होतं. ती खोली गेली तर या शहरात कुठे राहायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या वर्षी मंडळाला एक काळजी लागली होती. एचएसआर लेआउटकडच्या आयटीवाल्या घरांतली मुलं कार्यक्रमांना यायला कंटाळत. मग कुणीतरी सुचवलं की हॉलमध्ये गेमिंगचा चांगला कॉम्प्युटर ठेवू, मुलं आपोआप येतील. माजी अध्यक्षांचं जयनगरला कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांनी कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला. काचेची कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे, ग्राफिक्स कार्डही चांगलं. दसऱ्याच्या दिवशी मुलांनी खेळायला बसायचं ठरलं. जोडणी बघायचं काम माझ्याकडे आलं.

मी बाजूचं झाकण काढलं आणि पॉवर सप्लाय पाहिला. भिंतीतून वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला झेपेल तशी करून देणारा हा लोखंडी डबा. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. हा कॅबिनेटबरोबर फुकट येतो तसला होता. स्क्रू काढून हातात घेतला तर रिकाम्या डब्याइतका हलका. वर मोठ्या अक्षरांत पाचशे वॅट. खाली बारीक अक्षरांत, ग्राफिक्स कार्ड ज्या बारा व्होल्टच्या लाइनवर चालतं ती किती अँपिअर देते, ते लिहिलेलं होतं. गुणाकार केला तर पाचशेच्या निम्मंही होत नव्हतं. कार्डाला लागणारी वायर तर त्याला नव्हतीच. दोन जुने प्लग जोडून काम भागवलं होतं.

मला हे का दिसलं, तर गिरणीमुळे. मी लहान असताना दिवाळीच्या आधी भाजणीच्या दळणांची रांग लागली होती आणि मोटरवर ताण आला की तिचा स्टार्टर सारखा बंद पडत होता. आमच्याच एका नातेवाइकानं त्यात वायर अडकवून तो बंद पडणार नाही असा केला. सगळे खूश. संध्याकाळी मोटर जळाली. तो वास अजून माझ्या नाकात आहे. नंतर वडील एवढंच म्हणाले, "बंद पडणं हेच त्याचं काम होतं." चांगला पॉवर सप्लायही असाच असतो. जास्त ओढ आली, कुठे शॉर्ट झालं, की तो स्वतः बंद पडतो. या हलक्या डब्याला बंद पडता येईल याचा मला भरवसा वाटेना.

माझ्या खोलीत एक नवा, वजनदार पॉवर सप्लाय खोक्यात पडून होता. इंटर्नशिपच्या पैशातून घेतलेला. एकेक भाग जमवत मला स्वतःचा कॉम्प्युटर बांधायचा होता आणि सुरुवात मी तिथून केली होती. वर्गातले मित्र हसत. "बाकी कॉम्प्युटर कुठंय?" "येईल." "याचं बघा, आधी विजेचं मीटर घेतलंय, आता घर बांधणार!"

मी माजी अध्यक्षांना सांगितलं. घाबरत सांगितलं, पण सांगितलं.

"काका, यातला सप्लाय बदलायला हवा."

"का? चालू होतोय ना?"

"होतोय. पण गेम सुरू झाला की कार्ड जास्त ओढेल. तेव्हा तो तापेल, कदाचित…"

"तुझ्या जन्माआधीपासून दुकान चालवतोय मी. पाचशे वॅट लिहिलंय त्याच्यावर. वाचता येतं ना?"

"खालचंही वाचलं, काका."

ते लाल झाले. शेजारी मंडळाचे सचिव उभे होते. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं मऊ. त्यांनी मला बाजूला घेतलं. "देणगीला नावं ठेवायची नाहीत, बाळा. कुणी नारळ दिला तर आपण तो हलवून बघतो का?"

"माझ्याकडे नवा आहे. मी देतो मंडळाला. फुकट."

माजी अध्यक्षांनी ते ऐकलं. "म्हणजे देणगीदारांच्या बोर्डावर माझ्या खाली याचं नाव रंगवायचं!" सगळे हसले. हसू ओसरल्यावर सचिव हळूच म्हणाले, "दसऱ्यानंतर मीटिंग आहे. जरा जपून."

खंडेनवमीला हॉलमध्ये पूजा झाली. बेंगळुरूत हिला आयुधपूजा म्हणतात आणि दाराशी कोहळा फोडतात. आमचं मंडळ दोन्ही करतं. पाटावर कॉम्प्युटर, माइक, स्वयंपाकघरातली विळी आणि माझा स्क्रूड्रायव्हर. सगळ्यांना हळदकुंकू, कॅबिनेटला झेंडूची माळ. त्या दिवशी पूजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, ते विश्रांती घेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं बसणार होती.

जेवायला सगळे घरी गेले. मी पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"काय रे? आज?"

अक्का दारात उभ्या होत्या. त्या इथल्या जुन्या मराठी घरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्या. मंडळाचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे असतं.

"अक्का, उद्या मुलं बसणार आहेत."

"देवापुढे ठेवलेलं आहे ते."

"म्हणूनच. कुंकू पुसणार नाही मी."

त्यांनी वर माझ्या खोलीकडे बोट दाखवलं. "घरची खोली नव्हे ती तुझी. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"स्वल्प थांब." मला वाटलं, आता त्या फोन करतील. त्यांनी पदराला हात पुसले, पुढे आल्या आणि कॅबिनेटवरची माळ सोडवली. "सरी, ठीक आहे. माळ मी काढते. तू काढलीस तर तोडली म्हणतील."

मी भिंतीतला प्लग काढला, थोडा वेळ जाऊ दिला आणि जुना डबा सोडवून माझा बसवला. जोडलेले प्लग काढून टाकले. कार्डाला त्याची स्वतःची वायर दिली. अक्कांनी माळ पुन्हा घातली. जुना डबा मी पाटावर ठेवला आणि त्याच्यावर एक फूल वाहिलं. मग मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "सप्लाय बदलला आहे. जुना पाटावर ठेवला आहे." लपवायचं असतं तर मी ते केलंच नसतं.

दसऱ्याला मुलांनी हॉल डोक्यावर घेतला. कॉम्प्युटर दिवसभर चालला. जुना डबा जळाला असता का? कदाचित नसता. मला सिद्ध करता येणार नाही, आणि ते सिद्ध व्हावं म्हणून मुलांना त्याच्यासमोर बसवायची माझी तयारी नव्हती.

सोनं द्यायला मी माजी अध्यक्षांसमोर गेलो. त्यांनी हात खिशातून काढलाच नाही. आपट्याची पानं तशीच माझ्या हातात राहिली. सचिव मागून आले. "सगळ्यांसमोर माफी माग. तुझा डबा काढ, त्यांचा लाव. खोलीचं मी बघतो."

"पाया पडतो त्यांच्या. ते मोठे आहेत. डबा काढणार नाही."

"हट्ट आहे हा."

"असेल, काका."

मीटिंग झाली. मला कुणी काही सांगितलं नाही. मी हॉल झाडत राहिलो, खुर्च्या मांडत राहिलो. सचिव समोर आले की घड्याळ बघत. शेवटी एका दुपारी अक्का डब्यात पुरणपोळी घेऊन वर आल्या, आणि माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या.

"खोली दुसऱ्या मुलाला दिली," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर."

मी मान हलवली. विचारलं, "आणि सप्लाय?"

"माजी अध्यक्ष म्हणाले, जुना परत लावा. सचिवांनी विचारलं, कोण लावतंय?" अक्कांनी डब्याचं झाकण उघडलं. "कुणी हात वर केला नाही रे. तुझाच आहे आत."