तिसऱ्या लेकराची मेंबरबाई

तुमच्या जन्मामुळे आईचं पद गेलं, हे तुम्हाला कुणी कधी ऐकवलंय का?

मला गावानं लहानपणापासून ऐकवलं. सेनगावजवळच्या आमच्या गावात माझं नावच 'अपात्र' पडलं होतं. "ए अपात्र, मेंबरबाई घरी हाय का?" आई ग्रामपंचायतीची सदस्य होती ती थोडेच दिवस, पण गावासाठी शेवटपर्यंत मेंबरबाईच राहिली. रस्त्यात कुठलाही नळ दिसला की ती तोटी फिरवून पाहायची. पाणी आलं तर हात ओला करून पुढं जायची.

नळ तेव्हा पारापर्यंत आला होता. पुढं आमच्या वस्तीवर आणायचा ठराव तिनं भांडून मंजूर करून घेतला. चर खणून झाला आणि तिला माझे दिवस राहिले. दोन भाऊ आधीचे. तिसरं मूल झालं की सदस्यपद जातं, असा नियम.

काकूला मूल नव्हतं. ती म्हणाली, "जाऊबाई, लेकरू माझ्या नावावर लावा. घरातच वाढंल, मेंबरकी बी राहील." अशी लपवालपवी गावाला नवी नव्हती.

आई म्हणाली, "बाप्तिस्म्याला फादर आईबापाला म्होरं बोलावून लेकराचं नाव विचारत्यात. तवा मी मागं हुभी राहू व्हय?"

बाप्तिस्म्याला अंगणात अर्धं गाव जेवायला होतं, विरोधी पार्टीसुद्धा. आईनं पुढं होऊन माझं नाव मोठ्यानं सांगितलं. मग तक्रार झाली, पद गेलं, चर बुजला.

फादर महिन्यातून एकदा हिंगोलीहून मिस्सेच्या उपासनेला येत, सोबत चर्चची पत्रकं आणत. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. लेकरू देवाचं दान आहे. किती लेकरं, हे नवराबायकोनं देवाला स्मरून, जबाबदारीनं ठरवावं. त्यात सरकारनं धाक घालू नये. हे मी घरात तावातावानं बोलायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पत्रकात बराबर लिवलंय. पर पाणी कोण आणंल, ते न्हाई लिवलं."

आजही मी त्या शिकवणीवरून तसूभर हलत नाही. पण शेजारची सुमनमावशी पारावरून हंडा घेऊन येताना दिसली की माझी मान खाली जाते. एकदा हंडा घ्यायला गेले, तर म्हणाली, "सोड गं. तुला लपवलं असतं, तर मीच बोलले असते तुझ्या आईला." त्यानं हंडा हलका झाला नाही.

गेल्या वर्षी आई गेली. आजारात तिला विचारलं होतं, "माझ्यापायी गेलं ना सगळं?"

"पद कायद्यानं नेलं. तू काय नेलंस? तू तर आलीस." मग कूस बदलून म्हणाली, "नळाचं तेवढं ऱ्हाऊन गेलं बाई."

पहिलं वाक्य मी या नियमाविरुद्ध काढलेल्या माझ्या पत्रकात छापलं. दुसरं छापायचं धाडस झालं नाही.

म्हणून तुम्हाला मागणं आहे. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा. या नियमानं आपल्या गावातून कोण काढलं गेलं आणि त्यांचं कोणतं काम अर्धं राहिलं, ते विचारा. ते काम पुरं करायला लावा. आणि त्या घरात तिसरं लेकरू असेल, तर आधी त्याला त्याच्या नावानं हाक मारा. माझं नाव कृपा आहे.